लेव्हलिंग किट बसवलं, आता व्हील अलाइनमेंटचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासात स्वतःचं घर झालं की वर्षभरात शेजाऱ्याचा पिकअप मागून आणायची लाज वाटू लागते आणि माणूस स्वतःचा घेऊन टाकतो. माझंही तेच झालं. फोर्डचा एफ-१५० घेतला. पुढे त्याचं खाली झुकलेलं नाक डोळ्यांना खुपायला लागलं आणि एका शनिवारी घरासमोरच दोन इंचांचं लेव्हलिंग किट बसवलं. तेव्हापासून गणपतीच्या कार्यक्रमाच्या पार्किंगमध्ये कोणी ना कोणी बोनेटवर हात ठेवून विचारतंच, "किती उचललाय? त्रास काही नाही ना?" त्रास झाला होता आणि तो किटमुळे कमी, अलाइनमेंटकडे, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याकडे, केलेल्या दुर्लक्षामुळे जास्त झाला. तीच ती उत्तरं द्यायची म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

लेव्हलिंग किट आणि लिफ्ट किट यांत फरक काय?

पिकअप कारखान्यातून येतो तेव्हा त्याची शेपटी वर आणि नाक खाली असतं. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबावेत आणि गाडी समतल व्हावी, म्हणून मुद्दाम ठेवलेला हा उतार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या हौद्यात वर्षातले तीनशे दिवस वाऱ्याशिवाय काही नसतं, त्यामुळे गाडी कायम वाकून चालल्यासारखी दिसते. लेव्हलिंग किट फक्त पुढचा भाग साधारण दीड ते अडीच इंच उचलतं.

लिफ्ट किट चारही बाजूंनी उचलतं. चार-सहा इंचांच्या चांगल्या लिफ्ट किटमध्ये पुढचे आर्म (चाकाला धरून ठेवणारे दांडे) जिथे टांगलेले असतात ती जागाच खाली आणतात, नाहीतर नवे नकल (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) देतात, म्हणजे भूमिती पुष्कळशी मूळपदावर येते. लेव्हलिंग किटमध्ये यातलं काहीच नसतं. सस्पेन्शन होतं तेच राहतं, फक्त त्याची विश्रांतीची जागा खाली ढकलली जाते. "दोनच इंच तर आहे" म्हणून अलाइनमेंट टाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. उंची कमी असली तरी दुरुस्तीही काहीच नाही.

नुसता स्पेसर (स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवायची धातूची जाड चकती) घातला, चाकाला हातसुद्धा लावला नाही. मग अलाइनमेंट का बिघडते?

भिंतीसमोर उभे राहा. हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करून तळवा भिंतीला टेकवा. आता कोपर न वाकवता हात वीतभर खाली आणा. तळवा भिंतीपासून सुटतो, कारण हात गोलाईत फिरतो. पुढच्या चाकाला असे तीन हात धरून असतात: खालचा लांब कंट्रोल आर्म, वरचा आखूड कंट्रोल आर्म आणि स्टेअरिंगचा टाय रॉड. तिघांची लांबी वेगळी, तिघांचे खांदे वेगळ्या जागी. ट्रक उचलला की तिघेही खाली झुकतात, पण प्रत्येक जण आपापल्या गोलाईत. चाक या तिघांच्या ओढाताणीत जिथे ठरेल तिथे ठरतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर लोक हमखास फसतात. शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाकाच्या टोकाशी नाही. त्यामुळे तिच्या डोक्यावर एक इंचाचा स्पेसर ठेवला की चाकापाशी उंची जवळजवळ दोन इंच वाढते. डब्यातून निघालेला स्पेसर बोटभर जाडीचा पाहून "फसवलं" म्हणत दुसऱ्या दुकानातून दोन इंच जाडीचा आणणारे मी पाहिलेत. तो बसवला तर चार इंच उचललं जाईल आणि बॉल जॉइंटचं (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याचं) आयुष्य तिथेच संपेल.

टो, कॅम्बर, कॅस्टर यातलं नेमकं काय बिघडतं?

तिन्ही. पण तिघांचा उपद्रव वेगवेगळा असतो.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर. उभ्या माणसाचे पंजे आत की बाहेर, तसंच. उचलल्यावर टो नक्की बदलतो, कारण टाय रॉड तिरका झाला की आडव्या अंतरात तो कमी पुरतो आणि चाकाला खेचतो. कुठे खेचतो ते स्टेअरिंगचा रॅक (टाय रॉडना डावी-उजवीकडे ढकलणारा दांडा) आसाच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. बऱ्याच पिकअपना एकूण टो-इन ०.१ ते ०.२ डिग्रीच्या आसपास हवा असतो, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही. तरीही टायर खायचं काम सगळ्यात जास्त हाच करतो. हिशेब करून पाहा: ३३ इंचांच्या टायरवर एकूण टो १/८ इंचाने चुकला असेल, तर प्रत्येक पुढचा टायर मैलामागे दहाएक फूट आडवा घासत जातो. हजार मैलांत हे अंतर जवळपास दोन मैल होतं. महागाचे ऑल-टेरेन टायर सहा महिन्यांत का संपले, याचं उत्तर इतकं साधं असतं.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर. दोन इंचांच्या किटने तो थोडा सरकतो आणि टायरची एकच कड झिजते. दोन्ही बाजूंचा कॅम्बर सारखा नसेल तर गाडी जास्त बाहेर झुकलेल्या चाकाच्या दिशेने ओढते.

कॅस्टर हा तिघांतला गरीब, कुणी त्याचं नाव घेत नाही. चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं तिचा मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो तिरका असतो, हे हात सोडले तरी सायकल सरळ जाण्याचं एक कारण. कॅस्टर टायर खात नाही, म्हणून टायरवाल्यालाही त्याचं सोयरसुतक नसतं. पण किट बसवल्यावर तो सहसा कमी होतो आणि स्टेअरिंगचा जीव जातो. वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ होत नाही. हायवेवर ७० मैलांच्या वेगात गाडी सतत इकडे-तिकडे भटकते आणि बाजूने अठरा चाकी ट्रक गेला की हातातलं स्टेअरिंग हलल्यासारखं वाटतं. "बायको म्हणते पूर्वी गाडी बरी चालायची" अशी तक्रार आली की मी आधी कॅस्टरचा आकडा विचारतो.

किट बसवल्या बसवल्या अलाइनमेंट करायची की काही दिवस गाडी "बसू" द्यायची?

स्पेसर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा, तो काय बसणार? स्प्रिंग जुनीच असेल तर त्याच आठवड्यात करून घ्या. नव्या स्प्रिंगा टाकल्या असतील तर त्या थोड्या दबतात. म्हणून एकदा लगेच आणि पाचेकशे मैलांनी पुन्हा तपासा. अशा वेळी "सहा महिन्यांत परत या, पैसे नको" म्हणणारं दुकान फायद्याचं पडतं.

"बसू दे, मग करू" म्हणत दोन हजार मैल चालवणाऱ्यांबद्दल वर टोच्या हिशेबात बोलून झालंय.

दुकानापर्यंत चालवत नेणं सुरक्षित आहे का?

घरी टो अंदाजे लावून घेतला तर हो. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पाच-दहा फूट पुढे-मागे करा, म्हणजे आखडलेलं सस्पेन्शन सैल होतं. मग दोन्ही पुढच्या टायरांवर, आसाच्या उंचीवर, खडूने खूण करा. टेपने दोन खुणांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला मोजा. गाडी अर्धं चाक पुढे ढकला आणि त्याच खुणांचं अंतर मागच्या बाजूला मोजा. फरक १/८ इंचाच्या आत आणा. टाय रॉडचं जॅम नट सैल करून डावीकडे जेवढे फेरे द्याल तेवढेच उजवीकडे द्या, नाहीतर स्टेअरिंग तिरकं होईल. टेप धरायला दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे आठवीतला मुलगा होता आणि त्याने माझ्या दोन मोजण्या चूक काढल्या.

ही फक्त दुकानापर्यंतची सोय आहे. एवढ्यावर मुक्कामाला जाऊ नका.

अलाइनमेंटआधी मी स्वतः काय तपासावं?

आर्मचे बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले ते. माझी चूक हीच होती.

कंट्रोल आर्मच्या मुळाशी रबराचे बुश असतात. बोल्ट आवळला की रबराच्या आतली नळी जखडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळावर होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराला तीच स्थिती "सरळ" वाटते. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं. परिणाम दोन. गाडी हवी त्यापेक्षा थोडी उंच बसते आणि रबर वर्षा-दोन वर्षांत फाटतं. मी सगळे बोल्ट लोंबत्या चाकांवरच टॉर्क पान्याने कट्-कट् आवाज येईपर्यंत आवळले होते आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. अलाइनमेंट झाली, कागद छान आला. महिनाभराने गाडी एका बाजूला अर्धा इंच खाली, स्टेअरिंग तिरकं. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी ठेवून पुन्हा आवळले आणि अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.

तर नियम असा: बोल्ट आधी हाताने घट्ट, मग गाडी जमिनीवर, मग कंपनीने दिलेल्या टॉर्कला. पन्नास-शंभर मैलांनी पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

बाकी किरकोळ: चारही टायरांत हवा सारखी हवी. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे एंड ढिले नकोत. ढिल्या एंडवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारातच विस्कटते. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावरही ताणला जात नाही ना, तेही पाहा. हौद्यात कायम अवजारांची पेटी असेल तर ती ठेवूनच अलाइनमेंट करा, एरवी मोकळ्या हौद्यावर.

कागदावर सगळं हिरवं आलंय, तरी गाडी भटकते. मशीन खोटं बोलतंय का?

मशीन खरं बोलतंय, तुम्ही नुसता रंग वाचताय. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो.

आजकालची मशिनं चाकांवर अडकवलेल्या खुणेच्या पाट्या कॅमेऱ्याने पाहतात आणि आकडे कंपनीच्या मर्यादेत असले की हिरवे, बाहेर असले की लाल दाखवतात. मर्यादा मात्र रुंद असतात. कॅस्टरला तर वर-खाली पाऊण-एक डिग्रीची सूट सहज असते. तुमचा कॅस्टर त्या मर्यादेच्या तळाशी चिकटलेला असला तरी हिरवाच दिसतो. शिवाय ती मर्यादा मूळ उंचीच्या आणि मूळ टायरांच्या गाडीसाठी आहे. तुम्ही गाडी उचललीत, वर जाड, जड टायर लावलेत, म्हणजे तुम्हाला हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळचा कॅस्टर हवा. हे दुकानदाराला आपणहोऊन सांगावं लागतं: "कॅस्टर जितका मिळेल तितका द्या, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा. कॅम्बर शून्याजवळ. टो मधोमध." एवढं एक वाक्य सांगितलं की समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

"जवळजवळ सारखा" यातही मेख आहे. गाडी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते. अमेरिकेत आपण उजवीकडून चालवतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याचा उतार उजव्या कडेकडे असतो, त्यामुळे प्रत्येक गाडी थोडी उजवीकडे घसरू पाहते. जाणता कारागीर डाव्या चाकाचा कॅस्टर पाव ते अर्धा डिग्री कमी ठेवतो आणि ती घसरण मारतो. माझ्या पहिल्या कागदावर फरक नेमका उलटा होता, तोही पाऊण डिग्रीचा, आणि सगळं हिरवं!

एफ-१५०वाल्यांसाठी एक खास गंमत. २०११ नंतरच्या बऱ्याच एफ-१५०चं स्टेअरिंग विजेच्या मोटारीवर चालतं आणि ही मोटर गाडीची बारीक ओढ ओळखून स्वतःच उलट जोर लावते. म्हणजे गाडी सरळ जातेय म्हणून अलाइनमेंट बरोबर आहे, असं समजू नका. टायरच सांगेल. ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) तळवा आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो चुकलाय.

दुकानदार म्हणतो, "कॅस्टर ॲडजस्ट होत नाही." खरं की आळस?

दोन्ही असू शकतं.

टोयोटाच्या टॅकोमात खालच्या आर्मच्या मुळाशी दर बाजूला दोन कॅमबोल्ट (फिरवले की आर्मला सरकवणारे बोल्ट) असतात. ते फिरवून कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही सरकवता येतात. काही ट्रकांत कॅम नसतो, नुसत्या लांबट खाचा असतात. बोल्ट सैल करून आर्म पहारीने सरकवावा लागतो, एक हात आर्मवर, एक डोळा पडद्यावर. हे वेळखाऊ काम आहे आणि तासाला चार गाड्या काढणाऱ्या दुकानात ते होत नाही. अशा ठिकाणी टो लावून कागद हातात देतात. काही मोठी दुकानं उंची बदललेली गाडी अलाइनमेंटच्या रॅकवर घ्यायलाच नकार देतात. त्यापेक्षा फोर-बाय-फोरचं काम करणारं दुकान शोधा. फोनवर एकच विचारा: "कॅस्टर लावून देता का?" उत्तर देताना अडखळले तर फोन ठेवा.

उत्तरेकडच्या राज्यांत, मिशिगन किंवा ओहायोसारख्या ठिकाणी, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे कॅमबोल्ट बुशच्या नळीत गंजून असे बसतात की कापूनच काढावे लागतात. तिथे राहत असाल तर किट बसवतानाच बोल्ट फिरतात का ते पाहून घ्या आणि ग्रीस लावा.

कॅम टोकापर्यंत फिरवूनही आकडा येत नसेल, तर वरचा आर्म बदलायचा. बाजारात मिळणाऱ्या आर्ममध्ये बॉल जॉइंट थोडा मागे बसवलेला असतो, त्यामुळे कॅस्टर परत मिळतो, आणि लोंबत्या अवस्थेत आर्म स्प्रिंगला घासत नाही. दोन इंचांपर्यंत सहसा याची गरज पडत नाही. अडीचच्या पुढे बऱ्याचदा पडते.

माझा एफ-२५० आहे. पुढे अखंड ॲक्सल आहे. मलाही हेच लागू?

अर्धंच. फोर्ड सुपर ड्यूटी (एफ-२५० याच मालिकेतला) फोर-बाय-फोर आणि रॅम २५०० यांच्या पुढे दोन्ही चाकं एका अखंड ॲक्सलवर असतात. तिथे कॅम्बर उंचीने बदलत नाही आणि टोही जवळपास तसाच राहतो, कारण दोन चाकांना जोडणारा दांडा ॲक्सलबरोबरच खाली-वर होतो.

बिघडतात त्या तीन गोष्टी वेगळ्या. एक, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते आणि स्टेअरिंग वाकडं बसतं. तिच्यावरच्या नळीला फेरे देऊन ते सरळ करायचं, टोला हात लावायचा नाही. दोन, ट्रॅक बारच्या (ॲक्सलला चॅसीशी आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) गोलाईमुळे अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. लहान फरक असेल तर सोडून द्या, डोळ्याला दिसत असेल तर कमी-जास्त करता येणारा ट्रॅक बार घ्या. तीन, कॅस्टर. ॲक्सलला धरणारे रेडियस आर्म मागे चॅसीला अडकलेले असतात. चॅसी वर गेली की ते ॲक्सलला पुढच्या बाजूला फिरवतात आणि ढोबळमानाने इंचाला एक डिग्री कॅस्टर जातो. सुपर ड्यूटीवर तो परत आणायला बॉल जॉइंटपाशी तिरक्या बाह्या घालतात, नाहीतर रेडियस आर्मचे कंस खाली आणतात.

खड्ड्यावरून गेल्यावर अख्खा पुढचा भाग थरथर कापतो, ती "डेथ वॉबल". तिचं मूळ बहुतेक वेळा ट्रॅक बारच्या ढिल्या बुशात, झिजलेल्या बॉल जॉइंटात किंवा टायरच्या बॅलन्सिंगमध्ये असतं आणि कमी कॅस्टर त्यात तेल ओततो. स्टेअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा शॉकअप) बदलून ती काही दिवस दबते. आजार तसाच राहतो.

टॉर्शन बारच्या चाव्यांचं काय?

जनरल मोटर्सच्या जड पिकअपमध्ये, उदाहरणार्थ सिल्व्हरॅडो २५०० एचडीमध्ये, पुढे स्प्रिंगऐवजी पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार असतो. त्याची चावी (दांड्याचं टोक धरून ठेवणारा तुकडा) बदलून किंवा बोल्ट आवळून नाक वर येतं. उचलणं फुकटात होतं, म्हणून लोक बोल्ट शेवटापर्यंत पिळतात आणि मग वरचा आर्म थांब्याला जवळजवळ टेकतो. गाडी खड्ड्यात "ठक्" करते. दोन इंचांच्या आत राहा. अलाइनमेंट इथेही तितकीच लागते, उलट उंची दोन्हीकडे सारखी आहे का ते आधी टेपने पाहा.

टॅकोमावाल्यांनाही उंचीचं हेच. चालकाची बाजू मुळातच किंचित खाली असते, इथले लोक तिला "टॅको लीन" म्हणतात. काही किट डावीकडे पाव इंच जास्त देतात, त्याचा चाकापाशी अर्धा इंच होतो. हे सगळं अलाइनमेंटआधी. मागाहून उंची बदललीत की कागद रद्दीत.

अलाइनमेंट झाली, पण डॅशबोर्डवर स्थिरतेचा दिवा लागलाय.

गाडीतला एक सेन्सर स्टेअरिंग किती फिरलंय ते सांगतो. अलाइनमेंटमध्ये "सरळ" बदललं, पण सेन्सरला ते कळवलं नाही, तर गाडीला वाटतं तुम्ही सतत वळताय. शून्य पुन्हा लावून द्यायला सांगा, दुकानाच्या मशीनमध्येच ही सोय असते.

काचेमागे लेन पाहणारा कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर नाक उचलल्याने त्यांची नजरही वर जाते. कॅलिब्रेशन लागतं का ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत अंदाजावर राहू नका.

हेडलाइटचा अलाइनमेंटशी काय संबंध?

चाकांशी नाही, पण काम त्याच दिवशी करायचं. चार दारांच्या, आखूड हौद्याच्या एफ-१५०चे पुढचे-मागचे आस सुमारे १४५ इंच अंतरावर असतात. नाक दोन इंच वर गेलं की नुसत्या कलण्याने २५ फुटांवर झोत चार इंच वर सरकतो, १०० फुटांवर सोळा इंच. म्हणजे पुढच्या सेडानच्या आरशात थेट. समोरचे डोळे मिचकावून शिव्या देतात आणि आपल्याला वाटतं लोक ट्रककडे कौतुकाने बघतायत. किट बसवण्याआधी गॅरेजच्या दारावर झोताच्या कडेला चिकटपट्टी लावून ठेवा आणि नंतर स्क्रू फिरवून झोत खाली आणा.

ट्रेलर ओढतो. लेव्हल केलं तर चालेल?

चालेल, पण उतार ज्यासाठी होता तेच काम तुम्ही करताय, हे ध्यानात ठेवा. ट्रेलरचं वजन मागे पडलं की शेपटी खाली, नाक वर, पुढच्या चाकांवरचा भार कमी आणि स्टेअरिंग हलकं. वजन वाटून देणारी हिच (ट्रेलरची जोडणी) वापरा किंवा मागच्या पाट्यांना आधार देणारी एअर बॅग (हवेची पिशवी) घाला. काही राज्यांत नाक मुद्दाम वर ठेवायलाच बंदी आहे. उत्तर कॅरोलिनात डिसेंबर २०२१पासून पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा) मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असलेला ट्रक चालत नाही. तो कायदा शोभेसाठी शेपटी पाडणाऱ्यांसाठी होता. लेव्हल केलेला रिकामा ट्रक त्यात येत नाही, पण दाबून भरलेला ट्रक दिसायला त्याच्याच जवळ जातो.

पुढे उचलण्याऐवजी मागचं खाली केलं तर?

पुढच्या आर्मना धक्का लागत नाही, टो तसाच राहतो. गाडी मागे कलल्याने कॅस्टर उलट पाऊण डिग्रीने वाढतो. अलाइनमेंट एकदा तपासून घ्या, पण घाई नाही. माल वाहण्याची ताकद मात्र जाते. म्हणूनच मी त्या वाटेला गेलो नाही.

मोठे टायर आधी की अलाइनमेंट आधी?

टायर आधी. कॅस्टर वाढवायला खालचा आर्म पुढे सरकवला की चाकही पुढे सरकतं आणि टायर बंपरला घासू शकतो. ते अलाइनमेंटच्या दिवशीच कळलेलं बरं.

भावाकडे पुण्यात व्ही-क्रॉस आहे. त्यालाही हे सांगू का?

सांगा, पण तीन बदलांसह. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दोन्हींना पुढे दोन आर्म आणि स्प्रिंग, मागे पाटे आहेत, म्हणजे भूमिती हीच. पण भारतात आपण डावीकडून चालवतो, रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, म्हणून कॅस्टरचा फरक उलटा: उजवा किंचित कमी. अमेरिकेतला व्हिडिओ पाहून आकडे जसेच्या तसे दिले तर गाडी कडेच्या चिखलाकडे धावेल.

दुसरं, आपल्याकडच्या टायरच्या दुकानांत "अलाइनमेंट" म्हणजे बहुतेकदा टो-सेटिंग. रीडिंग तिन्हींचं निघतं, हात एकालाच लागतो. "कॅम्बर-कॅस्टरचंही करायचंय, वेगळे पैसे देतो" असं आधीच बोलून घ्यावं लागतं.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. किट घेण्याआधी भावाने आरटीओत आणि विमा कंपनीत विचारलेलं बरं.

किट बसवल्याने वॉरंटी जाते का? अलाइनमेंटचा कागद ठेवायचा का?

अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून डीलर अख्खी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे त्याला दाखवावं लागतं. म्हणजे रेडिओ बंद पडला तर किटचा संबंध नाही. बॉल जॉइंट गेला तर मात्र बोलाचाली होणार आणि तिथे तारखेचा, मैलांचा, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद कामाला येतो.

म्हणून दोन कागद मागा. गाडी रॅकवर चढली तेव्हाचा आणि उतरली तेव्हाचा. दुकानं सहसा दुसराच देतात. माझ्या ग्लव्ह बॉक्समध्ये आता चार कागद आहेत. तिसऱ्यावर डावा-उजवा कॅस्टर कसा हवा ते पेनाने लिहिलंय, आणि पुढच्या वेळी दुकानात बोलत बसण्यापेक्षा मी तोच काउंटरवर ठेवतो.